बाराव्या देवाचा खण

१

कपाटाला छत्तीस खण होते आणि गुरुवारी सकाळी पस्तीस भरले.

शुक्रवारी सकाळी सूची माहेरी आली तेव्हा एकोणतिसाव्या खणाच्या जागी एक चौकोनी भोक होतं. पडलेला दात दाखवावा तसे बाबा त्या भोकाकडे बोट दाखवत उभे होते. कालपासून तसेच उभे असावेत अशी शंका येत होती.

"बघ," ते म्हणाले.

सूचीने बघितलं. भोकात बघण्यासारखं असतं तेवढं सगळं बघून झाल्यावर तिने मान बाहेर काढली.

पुस्तकाच्या शेवटी बारीक अक्षरात नावांची आणि पानांची यादी असते, ती करणं हा तिचा धंदा. लोक पुस्तक सुरुवातीपासून वाचतात, ही शेवटच्या पानांसाठी वाचायची. कोण कुठल्या पानावर आला आणि कुठून गायब झाला, हे तिच्याइतकं लेखकालाही माहीत नसे. म्हणून घरात तिचं नाव सूची. हे नाव बाबांनी ठेवलं होतं. लाडाने नव्हे.

बाबा प्रोफेसर. त्यांचं एकच पुस्तक गाजलं, ‘उसना देव’. ख्रिस्ती धर्माचं स्वतःचं असं काहीच नाही, सगळं जुन्या धर्मांकडून उचललेलं आहे, असं त्यात ठासून सांगितलेलं. बारा जुने देव, बारा प्रकरणं. पहिले अकरा देव बिचारे ओढूनताणून जुळायचे. एक खडकातून जन्मला होता, त्या खडकाला कुमारी माता म्हणायचं म्हणजे खडकाचीही थोडी तयारी हवी. एकाचे चौदा तुकडे झाले, ते बायकोने गोळा केले, त्यातला एक माशाने खाल्ला, आणि याला पुनरुत्थान म्हणायचं. वाचक मान डोलवायचे, पण सावकाश.

बारावा मात्र हुबेहूब. कुठल्याशा डोंगरी मेंढपाळांचा देव. कुमारीच्या पोटी गुहेत जन्म, बारा सोबती, लाकडी खांबावर मरण, तिसऱ्या दिवशी उठणं, वर पाव आणि पेय वाटून जेवण. इसवी सनाच्या चारशे वर्षं आधी. पुस्तक गाजलं ते या बाराव्यावर. पुस्तकासाठी केलेल्या टिपणांची सगळी कार्डं या कपाटात होती, बाराव्याचं एकोणतिसाव्या खणात. खणावर चिठ्ठी होती, ‘डोंगरी व किरकोळ दैवतं’.

"पोलिसांना सांगितलंत?"

"पोलीस विचारणार, खणात काय होतं. मी त्यांना काय सांगू, देव होता?" बाबा खिडकीखालच्या लोखंडी पेटीवर बसले. खुर्ची मोकळी होती, पण ते पेटीवर बसले. "आणि चोर शोधायची गरजच नाही. चोर कोण ते पेपरात आलंय."

आलं होतं खरं. पहिल्या पानावर, फोटोसकट. फोटो काकांचा होता.

काका हे बाबांचे धाकटे भाऊ आणि पेशाने फादर. सूची लहानपणी पाहुण्यांना समजावून सांगायची की आमच्याकडे फादर आहेत ते काका आहेत आणि बाबा आहेत ते प्रोफेसर आहेत. पाहुणे चहा न घेता जायचे. उद्या शनिवारी सभागृहात दोघा भावांचा जाहीर वाद होता. काकांनी एकच अट घातली होती: दादाने बाराव्या देवाचं कार्ड घेऊन यावं आणि ते कुठल्या मूळ ग्रंथावरून केलं ते सांगावं. बुधवारी दुपारी काका घरी येऊन गेले. गुरुवारी सकाळी खण नव्हता.

"पुरावा चोरीला गेला, यातच सगळं आलं," बाबा म्हणाले. "नसलेला पुरावा कोणी चोरतं का?"

"काकांच्या शाळेतून फोन होता," सूची म्हणाली. "मिशनच्या वरच्यांनी त्यांना घरी बसवलंय. उद्यापर्यंत नाव साफ झालं नाही तर सोमवारी नवा मुख्याध्यापक. तेवीस वर्षं शाळा चालवलीय त्यांनी."

"तेवीस वर्षं चुकीचं शिकवलंय."

"मग मला कशाला बोलावलंत?"

"तुझ्या सूचीत चूक सापडत नाही, असं लोक म्हणतात. उद्या तू उभी राहून सांगितलंस की काकाने खण नेला, तर कोणी शंका काढणार नाही." त्यांनी चष्मा पुसला. "चोर मी दिलाय. त्याने ते कसं केलं, एवढंच तू काढ."

सूचीने पुन्हा एकदा भोकात हात घातला. लाकडाच्या पट्ट्यांवर ताजे ओरखडे होते. खण सरळ ओढला नव्हता, हिसडे देऊन काढला होता. "तुम्ही या कपाटातून कार्ड कधी काढलंय का हो, बाबा?"

"मी? ते तुझ्या आईचं खातं," बाबा म्हणाले. "मी विचार करतो."

२

बाबांच्या शिष्याला घरात तळटीप म्हणत. नऊ वर्षं तो बाबांच्या खाली होता, लहान अक्षरात. बाबा एखादं वाक्य बोलले की हा खालून पुस्तकाचं नाव आणि पान सांगायचा.

"खणात काय होतं एवढं?"

"बाराशे कार्डं," तळटीप म्हणाला. "एकेका खणात सरासरी बाराशे. वजन सहा-सात किलो. लांबी माझ्या हाताएवढी." त्याने हात लांब करून दाखवला. मापात चूक नको म्हणून बोटंही सरळ केली.

"आणि त्यातलं एकच कार्ड हवं असेल तर?"

तळटीपने शेजारचा तिसावा खण ओढला. प्रत्येक कार्डाला खालच्या कडेला भोक आणि सगळ्या भोकांतून आरपार एक पितळी दांडी, म्हणजे कोणी घाईत कार्ड उपसून क्रम बिघडवू नये. खणाच्या तोंडाशी चिठ्ठीखाली एक छोटं बोंड होतं, दाराच्या कडीचं असावं तसं, पण ते फिरतं असं कुणाला वाटणार नाही. तळटीपने ते डावीकडे अर्धा वेढा फिरवलं, दांडी बाहेर ओढली, मधलं एक कार्ड उचललं, दांडी परत सरकवली. शिंक यायला लागतो तेवढाच वेळ.

सूचीलाही हे येत होतं. लहानपणी आईच्या मांडीवर बसून ती बोंडं फिरवायची. या घरातलं तेच तिचं खेळणं.

"हे कोणी शिकवलं तुला?"

"काकूंनी." आईला तो काकू म्हणायचा. "पहिल्याच दिवशी. नाहीतर दांडीशी झटापट करण्यात वर्ष जातं, म्हणाल्या."

"आता खरं सांग. खण गेल्यावर तुला बरं वाटलं ना?"

तळटीपच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग त्याने आयुष्यात पहिल्यांदा संदर्भाशिवाय बोलायला सुरुवात केली.

त्याचा प्रबंध याच बाराव्या देवावर होता. गेले सहा महिने तो त्या देवाचा मूळ ग्रंथ शोधत होता. एका विद्वानाच्या पुस्तकात देव सापडला. खाली टीप होती, पाहा दुसऱ्याचं पुस्तक. दुसऱ्यात टीप होती, पाहा तिसऱ्याचं. तिसऱ्यात टीप होती, पाहा ‘उसना देव’, प्रकरण बारा. आणि ‘उसना देव’ प्रकरण बारामध्ये टीप होती, ‘लेखकाचा कार्डसंग्रह, खण २९’.

"म्हणजे देव गोल फिरतोय," सूची म्हणाली.

"शिवाय नव्या आवृत्तीत सरांनी त्या तिघांचा आधार घेतलाय. लिहिलंय, ‘इतर अभ्यासकांनीही आता हे मान्य केले आहे.’" तळटीपने तिसावा खण आत ढकलला. "मी सोमवारी सरांना हे सांगितलं."

"मग?"

"म्हणाले, तू काळजी करू नकोस, मी स्वतः कार्ड बघतो."

"बघितलं?"

"ते मला काय सांगतील? मी तळाला असतो."

३

मिशनच्या आवारात काकांची एक खोली होती. कॉट, टेबल, पुस्तकांची फळी. टेबलावर शाळेचं वेळापत्रक पसरलेलं. शाळेत जायची बंदी असलेला माणूस सोमवारचे तास लावत बसला होता.

"गणिताचा मास्तर रजेवर आहे," काका म्हणाले. "बस. तुझ्या बापाने पाठवलंय?"

"हो. तुम्ही खण कसा नेलात ते विचारायला."

"छत्रीत घालून." काकांनी पेन्सिल कानामागे खोचली. "अगं, बुधवारी मी गेलो, म्हटलं दादा, उद्या-परवा लोकांसमोर तमाशा नको, कार्ड मला एकदा दाखव. तो म्हणाला, शनिवारी दाखवीन. मी म्हटलं, आत्ता दाखव, मी काढतो, आमच्या शाळेत हेच कपाट आहे, त्याची बोंडं मीच दुरुस्त करतो. तर अंगावर आला माझ्या. हात लावायचा नाही म्हणाला. मी निघालो. वहिनीने दारात छत्री दिली. सायकलवर एका हातात छत्री, दुसऱ्या हातात हँडल. सात किलोचा खण मी काय दातात धरला?"

"काका, तुम्हाला तो देव खोटा वाटतो?"

"मला तो फार खरा वाटतो. तीच खोट आहे." काका हसले, पण तोंडानेच. "जुने देव असे कुठे जुळतात का? एखाद्याचा हात जुळतो, एखाद्याचं नाक. हा आमच्या चर्चच्या रविवारच्या वर्गातून थेट उठून आल्यासारखा आहे."

"समजा, असला खरा. समजा, घेतलं असेल तुमच्या धर्माने उसनं. मग काय?"

काकांनी खिडकीबाहेर बघितलं. रिकाम्या मैदानात एक चेंडू पडला होता.

"काही काही घेतलंच असेल. ख्रिस्ताच्या जन्माची तारीख आमच्या ग्रंथात नाहीच. रोमन लोक त्याच दिवशी सूर्याचा सण करायचे. कोणी कोणाचा दिवस घेतला यावर अजून विद्वानांची जुंपते. पुराची गोष्ट आमच्याआधी दुसऱ्यांच्या मातीच्या विटांवर लिहिलेली सापडलीय. पाण्याने माणूस स्वच्छ होतो हे काय आम्ही शोधून काढलं? याने माझी श्रद्धा हलत नाही. दादाला मात्र वाटतं हलावी. तीस वर्षं तो माझ्या एका खांबाला धक्के मारतोय, आणि मी त्या खांबाला टेकलेलोच नाही." त्यांनी वेळापत्रकाची घडी घातली. "फक्त चोर म्हणू नये त्याने. पाचवीतल्या पोरांनी पेपर वाचलाय. एकाने मला आज सकाळी रस्त्यात विचारलं, फादर, खरंच? मी नाही म्हटलं, तर म्हणाला, पण तुम्हीच सांगता ना, चोर आधी नाहीच म्हणतो."

सूची उठली. दारात काकांनी तिला थांबवलं.

"ते कार्ड बापाने केलेलं नाही, हे माहीत आहे ना तुला? या माणसाने जन्मात एक कार्ड टाइप केलेलं नाही."

४

आई स्वयंपाकघरात कपड्यांच्या घड्या घालत होती. टाइपरायटर तिथेच होता, गॅसच्या शेजारी, मसाल्याच्या बरण्यांच्या रांगेत. बाबांना खटखट सहन होत नसे, म्हणून अभ्यासिकेतलं सगळं ज्ञान इथे कुकरच्या शिट्टीत तयार व्हायचं.

"आई, बाराव्या देवाचं कार्ड कुठून आलं?"

आईने बनियनची घडी घातली. मग मोडली, आणि पुन्हा घातली.

"तू पोटात होतीस. आठवा महिना. पाठ मोडून आलेली. त्या दिवशी त्यांनी चाळीस कार्डं मागितली, संध्याकाळपर्यंत. एकोणचाळीस झाली. चाळिसाव्याला त्यांनी लिहून दिलेला कागदच नव्हता, त्यांनीच मोजताना चूक केलेली. विचारायला गेले तर म्हणाले, दिसत नाही का, मी विचार करतोय." आई थांबली. "मग मी एक केला."

"काय केलंस?"

"देव. दुसरा कुठला सुचणार मला? लहानपणी चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवलेला होता, तोच घातला. गाढवाच्या जागी बकरी केली. ठिकाण काय लिहू? डोंगर लिहिला, डोंगर कुठेही असतो. जन्माचा भाग जरा लांबला, माझं मन तिथेच होतं ना."

सूची खाली बसली. स्टुलावर इस्त्रीचे कपडे होते, त्यांच्यावरच बसली.

"म्हणजे बाबा म्हणतात, ख्रिस्ती धर्माने या देवाची नक्कल केली..."

"आणि मी याला तिथूनच उचललेला. जुळेल नाही तर काय!" आईने इस्त्रीचे कपडे तिच्याखालून ओढून घेतले. "मला वाटलं, वाचतील आणि हसतील. कार्डावर ‘मूळ ग्रंथ’ अशी ओळ असते, ती मी मुद्दाम कोरी ठेवली. म्हटलं, इथे तरी अडतील. विचारतील, हे काय गं? मग दोघं हसू. लग्नाला तीन वर्षं झाली होती, एकत्र हसलो नव्हतो."

"अडले नाहीत."

"संध्याकाळी उड्या मारत आले. सापडला म्हणाले, सापडला! मी सांगणारच होते. तोंड उघडलं, तेवढ्यात म्हणाले, तू बस, आज मी चहा करतो." आई कपड्यांकडे बघत बोलत होती. "त्यांनी चहा केला, सूची. स्वतः. भयानक झाला होता. दूध फाटलेलं. मी सगळा प्यायले. त्यानंतर कसं सांगू?"

बाहेर रस्त्यावर कोणीतरी गाडी सुरू करत होतं आणि ती होत नव्हती.

"मग खण तू लपवलास," सूची हळू आवाजात म्हणाली. "उद्या कोरी ओळ सगळ्यांना दिसली असती."

आईने अशी मान वर केली, जणू सूचीने तिला भात करपवल्याबद्दल बोल लावला असावा.

"मी? खण? मला एक कार्ड काढायचं असेल तर मी सात किलोचं लाकूड कशाला उचलू? कंबर बघ माझी. अर्धा वेढा फिरवला की काम झालं." आणि मग, स्वतःशीच, "एवढंही कळत नाही असा माणूस कोण असेल बाई?"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. घरात तसा एकच माणूस होता.

५

दुपारी चारला अभ्यासिकेत पाच जण जमले. बाबा पेटीवर. काका खुर्चीत. आई दारात, कारण आत खुर्ची नव्हती आणि कोणाला ते सुचलं नाही. तळटीप भिंतीला.

"सांग," बाबा म्हणाले. "कसं नेलं याने?"

"आधी का नेलं ते बघू," सूची म्हणाली. "खण का नेला? चोराला हवं होतं एक कार्ड. बाराशेतलं एक कार्ड गेलं असतं तर शनिवारपर्यंत कोणाला पत्ता लागला नसता. ज्याला दांडी काढता येते, त्याने एक कार्ड खिशात घालून हात हलवत बाहेर पडायचं. ज्याला येत नाही, त्याच्यापुढे दोनच रस्ते. कार्ड फाडायचं, पण मग खालचा तुकडा दांडीवर राहतो, आणि नेमकं कुठलं कार्ड गेलं ते ओरडून सांगतो. नाहीतर अख्खा खण. पट्ट्यांवर ओरखडे आहेत, म्हणजे नवख्या हाताने हिसडे दिलेत."

"हा नवखाच आहे," बाबांनी काकांकडे बोट केलं.

"काका शाळेतल्या कपाटाची बोंडं दुरुस्त करतात. त्यांनी बुधवारी तुम्हाला तसं सांगितलं, तुम्ही अंगावर धावलात. आणि कार्ड गायब होण्यात त्यांचं नुकसान आहे. ते कोरं आहे हे दिसण्यातच त्यांची जीत होती."

बाबांचा हात चष्म्यापाशी थबकला. "कोरं कोण म्हणालं?"

"तळटीपला दांडी येते, मी स्वतः बघितलं. आईने तर त्याला शिकवली. मला येते. या खोलीत पाच माणसं आहेत, बाबा, आणि तीस वर्षं या कपाटावर जगून ते उघडायचं कसं हे माहीत नसलेला माणूस एकच आहे. त्याचं खातं नाही ते. तो विचार करतो."

तळटीपने सवयीने संदर्भासाठी तोंड उघडलं आणि मिटलं.

"सोमवारी याने तुम्हाला सांगितलं की देव गोल फिरतोय. तुम्ही पहिल्यांदाच खण ओढला. ओळ कोरी दिसली. आईला विचारता येईना, कारण विचारलं तर तीस वर्षं न वाचता छापलं हे निघालं असतं. बुधवारी काका येऊन गेले आणि तुम्हाला चोर आयता मिळाला."

"खण कुठे आहे मग?" बाबा म्हणाले. आवाज अजून प्रोफेसरचा होता. "घरात असता तर हिला झाडताना सापडला असता."

"आई सगळीकडे झाडते. एकच वस्तू तिने वीस वर्षांत उघडलेली नाही, कारण तिच्यात तुमच्या तरुणपणच्या कवितासंग्रहाच्या न खपलेल्या प्रती आहेत, आणि त्या मागायला आजवर कोणी आलेलं नाही." सूची पेटीसमोर येऊन उभी राहिली. "उठा, बाबा."

बाबा उठले नाहीत. काका उठले, त्यांनी मोठ्या भावाला दंडाला धरून उभं केलं, जसं एखाद्या म्हाताऱ्याला बसमधून उतरवतात. तळटीपने पेटी उघडली. कवितांच्या वर खण होता. बोंडाला पकडीचे दात उमटले होते. बोंड उजवीकडे पिळून पिळून वाकवलेलं होतं.

"डावीकडे," आई दारातून म्हणाली. "अर्धा वेढा. विचारायचं तरी."

बाबा तिच्याकडे वळले. "हा देव कुठून आणलास तू?"

"रविवारच्या शाळेतून."

मग काकांच्या घशातून एक आवाज निघाला. तो हसण्याचा होता हे त्यांचं त्यांनाही उशिरा कळलं, आणि त्यांनी तो खोकल्यात घातला.

"टायपिंगमधली चूक," बाबा शेवटी म्हणाले. चेहऱ्यावरचा रंग हळूहळू परत येत होता. "तसं सांगता येईल. बाकीचे अकरा उभेच आहेत."

"चूक नव्हती ती," आई म्हणाली. "मी केला तो. चांगली शुद्धीत होते."

"तू मध्ये बोलू नकोस."

६

शनिवारी सभागृह खच्चून भरलं. बाबांनी माईक हातात घेतला आणि छान बोलले. खण घरातच मिळाला, धाकट्या बंधूंचा त्यात काही संबंध नाही. बारावं कार्ड म्हणजे टंकलेखिकेच्या हातून झालेली जुनी चूक. सत्याचा शोध घेणाऱ्याला आपलं प्रकरण स्वतःच्या हाताने मागे घेण्याचं धैर्य हवं, आणि ते आपण दाखवत आहोत. टाळ्या पडल्या. टंकलेखिका तिसऱ्या रांगेत बसली होती. ती कोण, हे कोणी विचारलं नाही. सूची उठायला लागली, तर आईने तिचा हात मांडीवर दाबून धरला.

"आधी भाऊजींचं होऊ दे," ती पुटपुटली. "त्यांची शाळा जाईल."

काकांचं झालं होतं. नाव साफ झालं होतं. पहिल्या रांगेत बसलेले वरचे लोक माना डोलवत होते. एवढ्यात एका वार्ताहराने हात वर केला.

"फादर, म्हणजे आता सिद्ध झालं ना, की तुमच्या धर्माने कोणाकडूनही काही घेतलं नाही?"

पहिली रांग हसतमुखाने मागे वळली. फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं.

"नाही, तसं कसं?" काका म्हणाले. "एक खोटा देव गेला. बाकीचे प्रश्न जिथल्या तिथे आहेत. बरंच काही घेतलं असेल आम्ही. मला त्याची लाज वाटत नाही."

पहिल्या रांगेचं हसू तसंच राहिलं, फक्त आतून माणसं निघून गेली.

सोमवारी शाळेला नवा मुख्याध्यापक मिळाला. वरच्यांच्या पत्रात चोरीचा उल्लेख नव्हता. काकांची बदली दूरच्या एका प्रार्थनाघरात झाली. तिथे शाळा नव्हती. बाबांची नवी आवृत्ती त्याच आठवड्यात छापायला गेली, अकरा देवांची, वेष्टनावर ‘सुधारित’ असं लिहून.

बुधवारी आई आणि सूची काकांचं सामान बांधायला गेल्या. सामान फार नव्हतं. पुस्तकं खोक्यात भरून आई चिकटपट्टी लावत होती, काका कात्री धरून उभे होते.

"भाऊजी, आता खरं सांगा," आई म्हणाली. "घेतलं का हो तुमच्या लोकांनी?"

"घेतलं असेल, वहिनी. तेव्हा सगळेच एकमेकांचं घेत होते." काकांनी पट्टी कापली. "पण ज्यांचं घेतलं त्यांची नावं सांगायला हवी होती. तेवढं चुकलंच."

आईचा हात खोक्यावर थांबला. मग तिने पट्टीची कड नखाने नीट दाबली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जिथे आधीच चिकटली होती तिथेही.

"तू माझ्याकडे चल," सूची म्हणाली. "आजच. खोली आहे माझ्याकडे. टाइपरायटर मी घेऊन येते."

"बघू."

"बघू काय? ज्या माणसाने भर सभेत तुला..."

"कळलं गं मला ते. तिसऱ्याच रांगेत होते." आईने घड्याळ बघितलं आणि पदर झटकला. "साडेपाच झाले. सहाला त्यांची गोळी असते. पांढरी सकाळची, पिवळी संध्याकाळची. त्यांना दोन्ही सारख्याच दिसतात."

काकांनी तिला रस्त्यापर्यंत सोडलं. बस लगेच आली. आई मागच्या दाराने चढली, बसायला जागा होती तरी उभी राहिली. पुढच्या स्टॉपला उतरायचं असलं की माणूस उभा राहतो तशी. तिचा स्टॉप अकरावा होता.